धंद्यासाठी ड्रोन: पुणेकर सतत विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी जमीन मोजणीसाठी आणि शेतातल्या फवारणीसाठी ड्रोन उडवतो. राहायला सिंहगड रस्त्याला, काम बहुतेक दौंड, पुरंदर, शिरूर भागात. मला फोन दोन प्रकारच्या लोकांचे येतात: एक, ज्यांना ड्रोन हवा आहे; दुसरे, ज्यांच्या गच्चीवर कोणाचा तरी ड्रोन घिरट्या घालून गेला आहे. दोघांची उत्तरं मुद्दाम एकाच ठिकाणी लिहिली आहेत. एकमेकांचे प्रश्नही वाचले जावेत, अशी इच्छा आहे.

१. व्यावसायिक वापर म्हणजे नेमकं काय? भाच्याच्या वाढदिवसाला उडवलेला ड्रोनही त्यात येतो का?

नाही. ज्या उड्डाणातून तुम्ही पैसे घेता किंवा धंद्याचं काम करता, ते व्यावसायिक. लग्नाचं शूटिंग, बिल्डरच्या साइटचे फोटो, शेतात फवारणी, उसाच्या क्षेत्राची मोजणी, पुलाची किंवा मोबाइल टॉवरची तपासणी हे सगळं त्यात आलं. वजनाचे गट मात्र सगळ्यांना सारखेच आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. लग्नातला ड्रोन बहुधा नॅनो किंवा मायक्रो असतो. फवारणीचा ड्रोन भरलेल्या टाकीसह २५ किलोच्या आसपास जातो.

२. सध्या धंद्यासाठी ड्रोन उडवायला परवानगी आहे की बंदी?

परवानगी आहे, अटींसह. २५ ऑगस्ट २०२१ ला ‘ड्रोन नियम २०२१’ लागू झाले आणि आधीचे बरेच किचकट अर्ज-परवाने गेले. ड्रोनची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते आणि त्याला स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुटे भाग आणता येतात. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

३. पण मुळात परवानगी द्यावीच का? फायदा कंपनीचा आणि डोक्यावर घरघर आमच्या.

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर: द्यावी. ते माझं पोट त्यावर चालतं म्हणून देत नाही.

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी घ्या. मल्हारगडाच्या पायथ्याचं हे गाव. आपल्याकडे शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घरांची मोजणी कित्येक गावांत कधी झालीच नव्हती. घर पिढ्यान्‌पिढ्या राहतं, कागद मात्र नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही आणि भिंतीवरून भाऊबंदकी पेटते. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून घरमालकाच्या हातात मालमत्तेचं पत्रक द्यायचं, हा प्रयोग राज्यात सुरुवातीला जिथे झाला त्यात सोनोरी होतं. पुढे २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना आली. बोळाबोळांतून साखळी किंवा टेप धरून जे काम दिवसचे दिवस चालतं, त्याचे फोटो वरून काही तासांत होतात. ही आणि अशी कामं खाजगी यंत्रणांशिवाय सगळीकडे पोचणार नाहीत.

दुसरं उदाहरण दुःखाचं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेलं पीक, पाठीवर पंप, अंगावर परत येणारं औषध. ज्या यंत्रामुळे माणूस त्या धुक्यातून बाहेर येऊन बांधावर उभा राहू शकतो, ते अडवून ठेवणं मला पटत नाही.

मात्र एक अट मला नियमात हवी आहे, जी आज नाही: खाली उभ्या माणसाला हा ड्रोन कोणाचा, कशासाठी आणि किती वेळ, हे कळलंच पाहिजे. रिक्षाने धक्का दिला तर तुम्ही नंबर वाचता. ड्रोनवरही क्रमांक असतो, पण २०० फुटांवरून तो कोणाला दिसणार? मी उड्डाणाच्या जागी फलक लावतो. त्यावर नाव, मोबाइल, काम आणि वेळ असते. खर्च एका फ्लेक्सचा. प्रत्येक धंदेवाल्याला हे सक्तीचं करावं. लोकांचा निम्मा राग ड्रोनवर नसतो, निनावीपणावर असतो.

४. पुण्यात नेमकं कुठे उडवता येतं?

डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर देशाचा नकाशा आहे. त्यात ग्रीन, यलो आणि रेड असे तीन झोन आहेत. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच आहे. यलो झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही.

पुणं या बाबतीत अवघड शहर आहे. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथलं नियंत्रणही हवाई दलाकडे. धानोरी, विमाननगर, खराडी, कल्याणीनगर ही सगळी त्याच्या कुशीत वसलेली वस्ती. शिवाय कॅम्पात लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याला एनडीए, खडकीला दारूगोळा कारखाना, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, येरवड्याला कारागृह. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथली ग्लायडर आवाज न करता येतात. विमान असो वा ग्लायडर, त्यात माणूस आहे, म्हणून बाजूला व्हायची जबाबदारी कायम ड्रोनची.

‘मागच्या महिन्यात इथेच उडवला होता’ हा आधार धरू नका. नकाशा बदलतो. उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचा.

५. पायलटला काय लागतं?

वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळालेलं रिमोट पायलट सर्टिफिकेट. ते १० वर्षं चालतं. नॅनो ड्रोनला ते लागत नाही. मायक्रोला फक्त हौशी वापरासाठी सूट आहे. धंद्याचं काम असेल तर मायक्रोलाही सर्टिफिकेट हवं.

६. मग २४९ ग्रॅमचा घेऊन लग्नाच्या ऑर्डरी मारल्या तर?

फोटोग्राफर मित्र हे हमखास विचारतात. सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, विम्याची सक्तीही नाही. पण रेड झोन २४९ ग्रॅमलाही रेडच. शिवाय बाजारात मिळणारे बरेचसे हलके ड्रोन परदेशी असतात, त्यामुळे प्रश्न २ मधली आयातबंदी आड येते. पक्कं बिल नसलेला ड्रोन ‘ओळखीतून’ घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. लग्नात अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रोन वधूवरांच्या डोक्यावर आठ-दहा फुटांवर आणायचा आग्रह होतो. मंगलाष्टकांचा आवाज पात्यांच्या आवाजात बुडतो, फुलांच्या पाकळ्या वाऱ्याने उडून पात्यांत जातात, आणि आसपास लहान मुलं असतात. हा शॉट मी कोणालाच करू नका म्हणतो. मांडवाच्या बाहेरून, उंचावरून घ्या. चित्र तिथूनही सुंदर येतं.

७. आमच्या गच्चीवरचं आकाश आमचं नाही का? सोसायटी ठराव करून बंदी घालू शकते?

गच्ची तुमची, आकाश नाही. १९३४ च्या विमान कायद्यातच अशी तरतूद होती की वाजवी उंचीवरून, नियम पाळून विमान गेलं, तर निव्वळ त्या कारणाने अतिक्रमणाचा दावा चालत नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे.

सोसायटीच्या आवारातून ड्रोन कोणी, कधी उडवायचा आणि उतरवायचा, हे मात्र सोसायटी ठरवू शकते, आणि ठरवावं. आमच्या सोसायटीत रंगकामाच्या आधी भिंतींचे फोटो ड्रोनने काढायचे होते. सचिवांनी दोन दिवस आधी लिफ्टमध्ये सूचना लावली: सकाळी ९ ते ११, पडदे ओढून घ्यावेत. एकही तक्रार आली नाही. ‘वाजवी उंची’ खाली आली की प्रश्न वेगळा होतो, तो पुढे आहे.

८. मोजणीच्या नावाखाली आमच्या घरात डोकावतात का?

सरळ खाली बघणाऱ्या मोजणीच्या कॅमेऱ्याचं गणित सांगतो. २० मेगापिक्सेलचा नेहमीचा कॅमेरा २०० फुटांवर असेल, तर फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे साधारण दीड सेंटिमीटर दाखवतो. तुमचं डोकं म्हणजे रुंदीला दहा-पंधरा ठिपके. माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि साड्या दिसतात, हे खरं.

तोच ड्रोन ५० फुटांवर आला, कॅमेरा आडवा झाला किंवा झूम लेन्स लागली, की चेहरा ओळखू येतो. म्हणून ‘ड्रोनला कॅमेरा आहे का’ यापेक्षा उंची किती आणि कॅमेरा कुठे वळलेला आहे, हे विचारा. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला स्पष्ट केलं आहे. खाजगी क्षणी स्त्रीचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग कॅमेरा हातातला असो की उडता.

९. खिडकीजवळ ड्रोन आला तर काय करू? दगड मारून पाडला तर?

पाडू नका. आतली लिथियमची बॅटरी फुटली की पेट घेते, आणि पडणारा ड्रोन कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही. नुकसानीचा दावा तुमच्यावरच उलटू शकतो.

आधी मोबाइलवर ड्रोनचं चित्रण करा, वेळ आणि तो कुठल्या दिशेने गेला ते लिहून ठेवा. मग खाली उतरून पायलट शोधा. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो, त्यामुळे हातात रिमोट घेऊन वर बघणारा माणूस बहुतेक वेळा दोन-तीनशे मीटरच्या आत सापडतो. नाव, ओळख क्रमांक, काम विचारा. खरा व्यावसायिक लगेच दाखवतो. टाळाटाळ झाली तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, तातडी असेल तर ११२.

१०. शेजारच्या शेतात ड्रोनने फवारणी होते. माझ्या पिकाला धोका आहे का?

आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

फवारणीला लागून पहिलंच वर्ष होतं. दौंडकडे एका शेतकऱ्याच्या उसात रुंद पानाच्या तणासाठी तणनाशक मारायचं होतं. सकाळी निघायला उशीर झाला, पोचेपर्यंत साडेदहा झाले आणि वारा सुटला होता. उसाची पानं एका बाजूला झुकलेली मला दिसत होती. दोन एकरच राहिलंय, उरकून टाकू, म्हणून टाकी भरली. बांधापलीकडे शेजाऱ्याचा टोमॅटो होता. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. जाऊन बघतो तर कडेच्या तीन ओळींची शेंड्याची पानं चमच्यासारखी वळून अरुंद झाली होती, देठ पिळवटलेले. टू-फोर-डी या तणनाशकाची ती खूण कोणीही ओळखेल. काका रागावले नाहीत. पान तळहातावर ठेवून एवढंच म्हणाले, ‘बांधावर येऊन मला विचारलं असतं तर?’ मी त्या तीन ओळींचे पैसे भरून दिले. ते वाक्य अजून कानात आहे.

पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोनने दहा लिटरच्या आसपास. म्हणजे ड्रोनचं द्रावण कितीतरी तीव्र असतं आणि थेंब बारीक. वाऱ्यावर तेच लांब जातात. त्यामुळे आता माझे नियम ठरलेले आहेत. शेजारी भाजीपाला, द्राक्ष किंवा फुलशेती असेल तर तणनाशक ड्रोनने मारायचंच नाही. फवारणी पहाटे, वारा पडलेला असताना. वारा ज्या बाजूला वाहतो, तिकडचा पट्टा मोकळा सोडायचा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटायचं, फक्त फोन नाही. जवळ मधपेट्या असतील तर मालकाला विचारल्याशिवाय टाकी भरायची नाही.

शेजारी म्हणून तुम्ही औषधाचं नाव विचारू शकता, तो आगाऊपणा नाही. फवारणीनंतर काही बिघाड दिसला तर लगेच पानांचे फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. आठवडा गेला की कारण सिद्ध करणं अवघड जातं.

११. फवारणी करणाऱ्या मजुरांचं काम जाणार नाही का?

काहींचं जाईल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पाच-सहा महिन्यांच्या उसात लोकरी मावा आला, तर आत शिरून फवारायला आजच माणूस मिळत नाही. उसाच्या पात्यांनी हातपाय कापतात, सापाची भीती असते, श्वास घुसमटतो. ते काम जावंच. प्रश्न आहे तो, त्या माणसाला नवं काम कोण देतं. माझ्याबरोबर बॅटरी बदलायला आणि द्रावण कालवायला दोघं असतात. दोघंही आधी पंप मारायचे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. हा रस्ता मला योग्य वाटतो, कारण यंत्राची मालकी गावातच राहते.

१२. २०२४ मध्ये गावोगाव रात्री ड्रोन दिसायचे. ते तुमच्यासारख्या लोकांचेच होते का?

माझे नव्हते. त्या जून-जुलैमध्ये जुन्नर, आंबेगाव, शिरूर, दौंड भागात रात्री दिवे लुकलुकताना दिसले की लोक काठ्या घेऊन बाहेर पडत होते. चोर टेहळणी करतात, ही चर्चा घराघरात होती. त्या दिवसांत दिवसा मोजणीला गेलो तरी गावकरी गाडीभोवती जमत. मी आधी ग्रामपंचायतीत जायचो, पोलीस पाटलांना भेटायचो, शाळेच्या पोरांना स्क्रीन दाखवायचो. लोकांची भीती खोटी नव्हती. वर काय आहे हे सांगणारं कोणी नव्हतं. प्रश्न ३ मधला फलकाचा आग्रह तिथूनच आला आहे.

१३. पालखी आणि गणपती मिरवणुकीत न्यूज चॅनेल, मंडळं उडवतात. मग आम्ही का नाही?

दिवे घाट वारकऱ्यांनी भरलेला वरून बघितला की अंगावर काटा येतो. ते दृश्य सगळ्यांना हवं असतं, आणि अडचण तीच आहे. दहा जणांनी दहा ड्रोन त्याच घाटावर आणले तर त्यातला एक तरी खाली येणार, आणि खाली मुंगीला जागा नाही.

अशा वेळी पोलीस बहुधा मनाई आदेश काढतात. ड्रोन नियमांनुसारही पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचे अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात. मग एरवी ग्रीन असलेली जागाही बंद. ज्यांचे ड्रोन दिसतात त्यांच्याकडे पोलिसांची लेखी परवानगी असायला हवी. मंडळाचा कार्यकर्ता ‘आपलं बोलणं झालंय’ म्हणाला, तर कागद मागा. लक्ष्मी रस्त्यावर तर मी परवानगी असली तरी उडवणार नाही. दोन्ही बाजूंना उंच वाडे-इमारती, मधे वायरी आणि कमानी, ढोल-ताशांची पथकं. तिथे बॅटरी संपली तर ड्रोन उतरवायला हातभर जागा नसते.

१४. सिंहगड, राजगडावर व्हिडिओसाठी?

झोन ग्रीन असला तरी पुरातत्त्व खात्याची आणि वनहद्द असेल तिथे वनविभागाची परवानगी वेगळी लागते. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. शिवनेरी, लोहगड आणि राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तिथे आता जास्तच काळजी घ्या. आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर परवानगी खिशात असली तरी मागे फिरा. मोहोळ उठलं तर ड्रोन सुटेल, चढणारी माणसं सुटणार नाहीत.

१५. घरपोच सामान ड्रोनने कधी येणार?

पिझ्झासाठी मला घाई नाही. औषधांसाठी आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला मणिपूरमध्ये लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस पोचवली गेली. हवेतून १५ किलोमीटरचं अंतर, रस्त्याने २६, आणि ड्रोनला लागली १२ ते १५ मिनिटं. वेल्ह्यातल्या किंवा मुळशीतल्या एखाद्या वाडीचा पावसाळ्यात रस्ता तुटतो, तेव्हा सर्पदंशावरची लस अशी पोचली पाहिजे. त्यासाठी ड्रोन नजरेआड उडवावा लागतो, आणि त्याच्या परवानग्या अजून सरसकट मिळत नाहीत. मिळायच्या तर आधी अशा मार्गांना मिळाव्यात. कोथरूडच्या बाल्कनीतल्या किराण्याची पाळी बरीच नंतर.

१६. ड्रोन पडून कोणाला लागलं किंवा गाडीची काच फुटली तर?

नॅनो सोडून सगळ्यांना तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. भरपाईला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी आवश्यक त्या बदलांसह लागू होतात. म्हणजे हे प्रकरण रस्त्यावरच्या अपघातासारखंच धरायचं: पंचनामा, दवाखान्याचे कागद, विम्याचा क्रमांक. पायलटने ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर अपघात कळवायचा असतो. ‘आपापसात मिटवू’ म्हणून पैसे देऊ करतात, तेव्हा विमा नाही हे बहुतेक वेळा नक्की समजा.

१७. पोलीस आणि महापालिका उडवतात, त्यांना हे नियम नाहीत का?

आहेत. सूट फक्त लष्कर, नौदल आणि हवाई दलाला आहे.

१८. ड्रोनवाल्याला काम देण्याआधी काय विचारावं?

ड्रोनचा ओळख क्रमांक, पायलटचं सर्टिफिकेट, चालू विम्याची प्रत, आणि त्या दिवसाच्या नकाशाचा स्क्रीनशॉट. मग एक प्रश्न, जो फारसं कोणी विचारत नाही: ‘काढलेलं सगळं चित्रण कुठे राहणार, आणि आम्हाला दिल्यावर तुम्ही पुसणार का?’ हे करारात लिहून घ्या. तुमच्या साइटच्या फोटोंत शेजारच्यांची गच्चीही आलेली असते. (शेजाऱ्यांना सूचना कशी द्यावी, ते प्रश्न ७ मध्ये आहे.)

१९. आमच्या जागेचा अर्धा भाग ग्रीन आणि अर्धा यलो झोनमध्ये येतो. मग?

वाघोली, मांजरी बाजूच्या प्लॉटवाल्यांकडून हे बऱ्याचदा येतं. ड्रोन ज्या क्षणी जिथे आहे, तिथला नियम लागू. तुम्ही कुठे उभे आहात याला महत्त्व नाही. मोजणीत ड्रोन प्रत्येक ओळीच्या टोकाला वळण घेतो आणि ते वळण प्लॉटच्या बाहेर पडतं, हे लोक विसरतात. त्यात वारा आणि जीपीएसची चूक मिळवा. मी झोनच्या रेषेपासून चाळीस मीटर आत उड्डाण थांबवतो. उरलेल्या भागासाठी परवानगीचा अर्ज करतो, आणि परवानगी येईपर्यंत त्या तुकड्याची मोजणी जमिनीवरून, साध्या यंत्राने करून देतो. दोन दिवस जास्त लागतात, ते दरपत्रकात आधीच सांगतो.